लाँग रीडवरून स्ट्रक्चरल व्हेरियंट कसे काढायचे

रेफरन्सशी (तुलनेसाठीचा प्रमाण जीनोम) ताडल्यावर डीएनएचा ५० बेस (डीएनएची अक्षरं) किंवा त्याहून मोठा तुकडा गायब झालाय, जास्तीचा घुसलाय नाहीतर उलटा बसलाय, की तो स्ट्रक्चरल व्हेरियंट. रीड म्हणजे मशीनने सलग वाचलेला डीएनएचा तुकडा. शॉर्ट रीड असतो साधारण १५० बेसचा आणि नुसता ॲलूचा तुकडाच (जीनोमभर पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा, अळूच्या फदफद्याशी संबंध नाही) ३०० च्या आसपास, मग मावणार कसा? नॅनोपोर नाहीतर पॅकबायो (लाँग रीडची मशीन) यांचा रीड हजारो बेसचा, तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजू एकातच येतात.

पहिल्यांदा करताय तर एचजी००२ (सरावाचा ठरलेला सॅम्पल) चा डेटा घ्या, जीनोम इन अ बॉटल या प्रकल्पवाल्यांनी त्याची उत्तरपत्रिका, म्हणजे तपासलेल्या व्हेरियंटची यादी, फुकट ठेवलीय, ट्रूव्हारी या प्रोग्रॅमने आपले कॉल तिच्याशी ताडून बघता येतात. फक्त ती कुठल्या रेफरन्सवर आहे ते आधी बघा, मी जीआरसीएच३७ आणि ३८ या दोन आवृत्त्यांची गल्लत केली होती, अख्खा शनिवार गेला.

मिनीमॅप२ ने रीड रेफरन्सवर अलाइन करा (जागच्या जागी बसवा), प्रीसेट (तयार सेटिंग) तुमच्या मशीनचाच द्या, मग सॅमटूल्सने सॉर्ट आणि इंडेक्स. पुढे व्हेरियंट कॉल करायला, म्हणजे शोधायला, स्निफल्स२, त्याला टँडम रिपीटची (एकामागोमाग तोच क्रम येणाऱ्या जागांची) बेड फाइल द्यायची विसरू नका, कारण रिपीटमध्ये तोच इन्सर्शन (घुसलेला तुकडा) एका रीडमध्ये इथे तर दुसऱ्यात चाळीस बेस पुढे दिसतो आणि एकाचे दोन मोजले जातात. बरेच सॅम्पल असतील तर प्रत्येकाची एसएनएफ फाइल (स्निफल्सची मधली फाइल) काढून शेवटी एकत्र कॉल करा, वेगवेगळ्या व्हीसीएफ (व्हेरियंटच्या यादीच्या फाइल) नंतर चिकटवत बसू नका.

आता जवळपास सगळ्या सॅम्पलमध्ये एकच इन्सर्शन दिसला तर हुरळून जाऊ नका. जीआरसीएच३८ चा बराचसा भाग एकाच माणसाचा आहे, तेव्हा बऱ्याचदा तुकडा त्याच्याकडेच नसतो, बाकीचे नॉर्मलच.

उलटंही होतं. २०२५ मध्ये १००० जीनोम्स या प्रकल्पाच्या २६ समूहांतल्या १,०१९ लोकांचे लाँग रीड छापून आले. त्या २६ मध्ये दक्षिण आशियातले पाच, ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, यूकेतले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी म्हणून वेगळा समूहच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या सॅम्पलमधला व्हेरियंट त्यांच्या व्हेरियंटच्या यादीत सापडला नाही म्हणून लगेच आजाराशी जोडू नका.

आणि महत्त्वाचा वाटलेला प्रत्येक कॉल आयजीव्हीत (रीड चित्ररूपात दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून बघाच. खरा हेटेरोझायगस (आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीतच असलेला) इन्सर्शन असेल तर साधारण निम्म्या रीडवर, जवळपास त्याच जागी, जांभळी खूण आणि तिच्यावर ३१२, ३१४ असे लांबीचे आकडे दिसतात, वीसातल्या एकाच रीडवर असेल तर सोडून द्या.