मासे आणण्याआधी टाकी मुरू द्या

नवी टाकी भरली की त्याच दिवशी मासे सोडायचा मोह होतो. कृपया थांबा. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतातच. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण मासे वर येऊन धापा टाकू लागतात.

नळाचं पाणी भरा, क्लोरीन काढणारं औषध घाला, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. मग माशांऐवजी आपणच अमोनिया घालायचा. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, ५० लिटरला साधारण ०.३ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, होतो. कल्हईचा नवसागर मात्र नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

पाणी तपासायला थेंबांचं टेस्ट किट घ्याच (नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, रंगावरून प्रमाण कळतं), पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. जिवाणू वाढू लागले की आधी अमोनिया उतरतो, त्यापासून बनणारं नायट्राइट चढतं; तेही माशांना घातकच. पुढे दुसरे जिवाणू त्याचं बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नायट्राइटचा टप्पा रेंगाळतो. रोज नायट्राइटच्या चाचणीची नळी तशीच जांभळी दिसते, तरी धीर सोडू नका. एकूण चार ते सहा आठवडे धरा. ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरातला फिल्टरचा स्पंज मिळाला तर त्यातल्या जिवाणूंमुळे काम बरंच लवकर होतं.

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार. साठलेलं नायट्रेट कमी करायला बरंचसं पाणी बदला आणि सुरुवातीला थोडेच मासे सोडा. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात; टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा.