पडद्याचा अंगरखा: दाराच्या दोन जुन्या पडद्यांतून शिलेदाराचा वेश

भाड्याने आणलेला ऐतिहासिक वेश शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो. लालभडक सॅटिन, कडेने सोनेरी लेस आणि पाठीला चेन. आमच्या सोसायटीच्या गणपतीत भाचा शिलेदार झाला होता, तेव्हा असाच एक आणला. रंगीत तालमीत चेन निम्म्यावर अडकली आणि शिलेदाराला कात्रीने बाहेर काढावं लागलं. कार्यक्रम चार दिवसांवर, हातात फाटका वेश आणि माळ्यावर बैठकीच्या खोलीतले जुने सुती पडदे. मी पडदे खाली काढले.

पडद्यातून अंगरखा निघतो आणि चांगला निघतो, याचं कारण जुन्या कापणीत आहे. हातमागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद, कापड मोलाचं. गोलाया कापून चिंध्या पाडणारा शिंपी कुणाला परवडणार? म्हणून अंगरखा, जामा, बाराबंदी हे सगळे मुळात सरळ पट्ट्या, निमुळत्या कळ्या आणि बगलेतला एक चौकोन यांचे बनलेले. आजच्या कुर्त्याचा कागदी नमुना पडद्यावर ठेवलात तर कापड वाया जातं आणि वेशही जुना दिसत नाही. जुनी कापणी धरलीत तर चार बाय सात फुटांच्या एका पडद्यात अंग आणि कळ्या बसतात, दुसऱ्यात बाह्या. गंमत म्हणजे अंगरख्यात छाती झाकणारा जो आतला तुकडा असतो, त्याचं नावही पडदाच.

कोणता पडदा, कोणतं पात्र

आधी पात्र ठरवून मग कापड शोधायचं, हा नेहमीचा क्रम. इथे तो उलटा करा. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२च्या सुमारास पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र काढलं. त्यातले पातळ, पांढरे कपडे पाहिले की जाड पडद्यातून पेशवा होणार नाही हे लगेच कळतं. जाड सुती पडद्यातून शिलेदार, पाटील, किल्ल्यावरचा हवालदार उत्तम होतो. खिडकीच्या जाळीदार पॉलिस्टर पडद्यातून मलमल साधेल असं वाटतं, पण रंगमंचावरच्या दिव्यांत ते चमकतं, अंगाला चिकटतं आणि माणूस मच्छरदाणीत उभा असल्यासारखा दिसतो.

कापड सुती आहे का हे पाहायला कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि काडीने पेटवा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मिश्र कापड चालतं, फक्त इस्त्री बेताची. मागून रबरासारखा थर असलेला, उजेड अडवणारा पडदा मात्र बिलकुल नको. त्यात सुई अडकते आणि आतला माणूस उकडून निघतो.

नक्षी बघताना एकच अट: ती वरून आणि खालून सारखी दिसली पाहिजे. कळ्या उलटसुलट कापायच्या आहेत, त्यामुळे पडद्यावर मोर असतील तर निम्मे मोर डोक्यावर उभे राहतील. साधा रंग, रेघा किंवा चौकडा सगळ्यात बरा.

शेवटची परीक्षा उन्हाची. वर्षानुवर्षं खिडकीत लटकलेलं सुती कापड दिसायला ठणठणीत असतं, पण उन्हाने धागा कुजलेला असतो. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड जोरात ताणा. चर्र झालं तर तो पडदा पुसायला घ्या. नुसता रंग उडाला असेल तर उलट फायदाच. विटलेला मातकट रंग कोणत्याही नव्या कापडावर असा येत नाही.

उसवणं आणि धुणं

वरची कड्यांची पट्टी कापून टाका. बाजूच्या आणि खालच्या दुमडी कापू नका, उसवा, कारण इंच इंच कापड मोजून लागणार आहे. पडदा ओळखू येतो तो या तीन गोष्टींवरून: कडी, जाड दुमड आणि दुमडीची पांढरट घडी. घडीवर पाणी आणि थोडं व्हिनेगर मारून इस्त्री केली की ती बरीचशी जाते.

त्याआधी दोन्ही पडदे गरम पाण्यात भिजवून धुवा. आटायचं ते आत्ताच आटू दे. वाळले की कोरड्या खडूने उलट बाजूवर ठळक ‘उ’ काढा, दर फूटभर अंतरावर. हा बालिशपणा वाटेल, पण मी तो केला नव्हता आणि दोन्ही पुढे, म्हणजे छातीवर येणारे पुढचे तुकडे, एकाच बाजूचे कापले. सुलट-उलट सारखी दिसणाऱ्या पडद्याने मला चांगलंच फसवलं. दुसरा पडदा हाताशी होता म्हणून निभावलं.

कापणी

ही मापं ३८ इंच छातीच्या, मध्यम उंचीच्या माणसाची. शिवण सगळीकडे अर्धा इंच धरली आहे. अंगरखा गुडघ्यापर्यंत, म्हणजे खांद्यापासून साधारण ४० इंच.

पहिल्या पडद्याचा पन्हा ४८ इंच. वरच्या ४२ इंचांत शेजारी शेजारी तीन पट्ट्या आखा: पाठ १८ इंच, बाहेरचा पुढा १८ इंच, आतला पुढा १२ इंच. बेरीज बरोबर ४८. धुऊन पन्हा इंचभर कमी भरला तर तो इंच आतल्या पुढ्यातून घ्या, कुणाला दिसत नाही. खालच्या ३४ इंचांत १५ इंच रुंदीचे दोन आयत आखा. प्रत्येकात तिरकी रेघ मारा, एका टोकाला ४ इंच आणि दुसऱ्या टोकाला ११ इंच राहतील अशी. एका आयतात दोन कळ्या, एकूण चार. उरलेल्या पट्टीतून ४ इंचांचे दोन चौकोन काढा. त्या आपल्या बगला.

दुसऱ्या पडद्यातून २८ बाय १७ इंचांच्या दोन बाह्या, मनगटाकडे ११ इंचांपर्यंत निमुळत्या. बाही हातापेक्षा लांबच हवी. मनगटावर तिच्या चुण्या पडल्या पाहिजेत. राहिलेल्या कापडातून तिरक्या पट्ट्या, बांधायचे बंद आणि हवा तर कमरेचा शेला.

आता दोन्ही पुढ्यांचा आकार. मुघल काळापासून चालत आलेला संकेत असा की हिंदू जामा डाव्या बगलेत बांधत आणि मुसलमान उजव्या. म्हणजे आपल्या शिलेदाराचा बाहेरचा पुढा उजव्या खांद्यावरून निघून डावीकडे जाणार. बाहेरच्या पुढ्याचं कापड सुलट बाजू वर करून पसरा. तुमच्या डाव्या हाताला त्याचा उजवा खांदा येतो. वरच्या कडेवर डावीकडून साडेपाच इंचांवर खूण करा. उजव्या कडेवर वरून ९ इंचांवर दुसरी खूण. दोन्ही खुणा एका पोटगोल रेषेने जोडा आणि वरचा कोपरा कापून टाका. आतल्या पुढ्यात हेच उलट्या बाजूने, फक्त गळा उथळ: उजवीकडून साडेपाच इंचांवरून निघून डाव्या कडेला ४ इंच खाली. पाठीचा गळा मधोमध ७ इंच रुंद, जेमतेम इंचभर खोल. गळा नेहमी लहान कापा, मोठा करता येतो.

मन धजत नसेल तर आधी मांजरपाटावर, म्हणजे स्वस्त कोऱ्या सुती कापडावर, दोन्ही पुढे कापून अंगावर लावून बघा. मी तरी आता तसंच करते.

बगल

पहिल्या खेपेला घाईत मी बगल गाळली आणि बाही सरळ शिवून टाकली. तालमीत भाच्याने तलवार उपसली. “मावशी, हात वर होत नाही गं,” म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी झाला; शिवण काखेपासून चार इंच उसवली होती. सरळ कापलेल्या कपड्यात हात वर करायला लागणारं जादा कापड त्या इवल्याशा चौकोनातूनच मिळतं.

आधी खांदे जोडा: पाठ आणि बाहेरचा पुढा उजवीकडे, पाठ आणि आतला पुढा डावीकडे. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच शिवा आणि कडेच्या अर्धा इंच अलीकडे थांबा. तिथेच उलट टीप मारून पक्कं करा.

चौकोनाची एक बाजू बाहीच्या खालच्या कडेला, अंगाकडच्या टोकापासून लावा. त्याच्या शेजारची बाजू कळीच्या अरुंद माथ्याला. दोन्ही शिवणी कोपऱ्याच्या अर्धा इंच आधीच थांबवायच्या. सुई कापडात रुतलेली ठेवा, दाबपट्टी उचला, कापड फिरवा, दाबपट्टी खाली. तो कोपरा जाड पडद्यात चार पदरांचा होतो आणि मशीन कुरकुरतं. तिथे पायडल सोडून हाताने चाक फिरवा. १६ नंबरची सुई आणि लांब टाका घ्या. तरीही चुणी पडली तर तेवढा इंच उसवून हाताने टीप घाला. कुणीही तुमच्या काखेत वाकून बघणार नाही.

मग कळ्या. कळीची तिरकी कड पाठीच्या किंवा पुढ्याच्या सरळ कडेला लावा, आणि कळीच्या सरळ कडा एकमेकींना. तिरकी कड ताणते, सरळ कड तिला धरून ठेवते. दोन तिरक्या कडा एकत्र शिवल्यात तर ती शिवण महिन्याभरात लोंबते. डावीकडची पुढची कळी आतल्या पुढ्याला लागते. बाहेरच्या पुढ्याची डावी कड मोकळीच राहते, ती दुमडून शिवून घ्या. शेवटी बाहीच्या टोकापासून बगलेपर्यंत आणि बगलेपासून खालपर्यंत शिवण घाला. खालचे दहा-बारा इंच उघडे ठेवलेत तर चालणं सोपं जातं.

पडद्याची वीण सैल असते आणि धागे भराभर सुटतात. इंटरलॉक करून आणायला जवळच्या टेलरकडे पाठवा, नाहीतर कडा दुमडून वरून एक टीप मारा.

बंद

चेन नाही, हुक नाही, वेल्क्रो तर नाहीच. २ बाय १४ इंचांच्या पट्ट्या चौपदरी दुमडून अर्ध्या इंचाचे बंद शिवा. बाराबंदीला नावाप्रमाणे बारा लागतात, इथे चार जोड्या पुरतात. एक आतून, आतल्या पुढ्याचं टोक उजव्या बगलेशी बांधायला. बाकीच्या तीन बाहेरून: डाव्या छातीवर, बगलेखाली आणि कमरेवर. गळ्याला आधी तिरकी पट्टी लावून घ्या, मग बंद. प्रत्येक बंदाच्या मागे दोन इंचांचा तुकडा जोडा, नाहीतर पहिल्याच ओढीला पडदा फाटतो. शिलेदाराला गाठ सुटसुटीत मारायची सवय तालमीतच लावा. माझ्या भाच्याने बुटांच्या नाडीची फुलपाखरी गाठ मारली होती, छातीवर.

सोनेरी लेस लावायचा मोह होईल. लावायचीच असेल तर जुन्या सुती साडीचा अरुंद काठ बाहीच्या टोकाला लावा, बाकी काही नको. खाली सुरवार, कमरेला दुसऱ्या रंगाचा शेला. डोक्याला पागोटं हवंच, पण तो वेगळा उद्योग आहे.

खालची दुमड लगेच घालू नका. अंगरखा एक रात्र हँगरवर टांगा. कळ्या आपल्या वजनाने थोड्या उतरतात, सकाळी घेर कमीजास्त दिसतो. भाच्याला स्टुलावर उभं करून जमिनीपासून पट्टीने माप घेत खडूने खुणा केल्या, जास्तीचं कापलं आणि मग दुमड शिवली. कार्यक्रमानंतर मात्र हँगरवर ठेवू नका, घडी घालून ठेवा. आमचा आता त्याच माळ्यावर आहे, त्याच पिशवीत.