कुत्र्याचं पिल्लू घेताय? आधी डोळे बघा
पिल्लाचे डोळे 10-14 दिवसांनी उघडतात, सुरुवातीला निळसर धुरकट दिसतात, घाबरू नका, जातं ते. पण 6-7 आठवड्यांचं झालं की उजेडात मांडीवर घ्या आणि नीट बघा, दोन्ही डोळे सारखेच मोठे आहेत ना, बाहुलीत पांढरट काही म्हणजे जन्मजात मोतीबिंदू तर नाही ना, आणि हो, बुबुळावर केस उगवलेत का, खरंच उगवतात, डर्मॉइड म्हणतात त्याला. मग समोर कापसाचा बोळा टाका, नजर त्याच्या मागे गेली तर दिसतंय. चेंडू नको, लबाड आवाजावर पकडतात. कोली जातीचं असेल तर 6-8 आठवड्यांतच व्हेटकडून आतला पडदा तपासून घ्या, नंतर रंग चढून दोष झाकला जाऊ शकतो. आईबाप दोघंही मर्ल रंगाचे, म्हणजे फिकट अंगावर गडद डागांचे, असतील तर मी तरी घेणार नाही बाबा, डोळे बारीक राहायची आणि बहिरेपणाची भीती असते.