रशियन बोलणाऱ्या ग्राहकांसाठी गेमचं दुकान: तयारीची यादी, या वेळी नीट

ग्राहकाला देश विचारा. भाषा नाही, देश. यादी पूर्ण वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून उठलात तरी चालेल, कारण मागच्या वेळी मी बाकी सगळं केलं होतं आणि नेमकं हेच राहिलं होतं.

आमचं दुकान छोटं. पुण्यातून चालतं, माल म्हणजे गेमचे ॲक्टिव्हेशन कोड: ग्राहक कोड आपल्या गेमच्या खात्यात टाकतो आणि गेम त्याचा होतो. रशियन भाषेतलं पान सुरू करायचं ठरलं तेव्हा मी हौसेने नियम लिहिला: ज्याने वर ‘रुस्की’ निवडलं, त्याला सीआयएसच्या साठ्यातला कोड द्यायचा. सीआयएस म्हणजे जुन्या सोव्हिएत संघातल्या देशांचा गट. तिथले कोड स्वस्त मिळतात, भाषा तीच, झालं काम. शनिवार-रविवार विक्री झकास झाली. सोमवारी सकाळी सपोर्टची पेटी उघडली तर सगळीकडे एकच तक्रार: हा कोड तुमच्या प्रदेशात चालत नाही. एक गृहस्थ इस्रायलमधल्या हैफाचे, दोघं बर्लिनचे, एक बाई लाटव्हियातल्या रिगाच्या. सगळे अस्खलित रशियन, सगळ्यांनी आमचं पान रशियनमध्ये वाचलेलं, आणि सीआयएसमध्ये राहणारा त्यांच्यात एकही नाही. कोड एकदा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर गेला की डिस्ट्रिब्यूटर तो परत घेत नाही. म्हणजे पैसे परत द्या नाहीतर दुसरा महागातला कोड द्या, आणि पहिला गेला पाण्यात.

लाज याची वाटते की मराठीच्या बाबतीत मी ही चूक जन्मात केली नसती. मराठी पान उघडणारा माणूस महाराष्ट्रातच असतो असं कोण म्हणेल? इंदूर आहे, बडोदा आहे, बेळगाव आहे, तंजावर आहे. इस्रायलमध्ये बेने इस्रायली घरांतून अजून मराठी ऐकू येते. रशियनचा पसारा तर याहून मोठा. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघातून दहा लाखांच्या आसपास माणसं इस्रायलला गेली. मूळची जर्मन वंशाची लाखो कुटुंबं जर्मनीला परतली. लाटव्हिया-एस्टोनियात गावंच्या गावं रशियन बोलतात. एस्टोनियातल्या नार्व्हामध्ये एस्टोनियन कमी आणि रशियन जास्त ऐकू येते. किर्गिझस्तानात ती अधिकृत भाषा आहे. २०२२ नंतर आर्मेनियातल्या येरेव्हानमध्ये आणि जॉर्जियातल्या तिबिलिसीत रशियातून आलेल्यांची भर पडली ती वेगळीच. हे सगळं मला माहीत होतं. नियम लिहिताना आठवलं नाही, एवढंच.

बरं, देश ओळखायचा कसा? इथे प्रत्येकाला एक शॉर्टकट सुचतो आणि प्रत्येक शॉर्टकट फसतो. आयपी ॲड्रेस बघू म्हणाल, तर रशियात २०२२ च्या मार्चपासून इन्स्टाग्राम आणि फेसबुक बंद आहे, त्यामुळे व्हीपीएन घरोघरी आहे. गडी बसलाय कझानमध्ये आणि तुम्हाला दिसतोय नेदरलँड्समध्ये. फोन नंबर बघू म्हणाल, तर +७ हा कोड रशिया आणि कझाकस्तान दोघांचा आहे. पुढचा आकडा ९ असेल तर साधारण रशियन मोबाइल, ७ असेल तर कझाकस्तानचा. पण माणूस देश सोडतो, नंबर सोडत नाही. कार्ड बघू म्हणाल, तर रशियातल्या कितीतरी लोकांनी कझाकस्तानात जाऊन कार्डं काढली आहेत. भाषेबद्दल तर मी आता काही बोलतच नाही.

म्हणून सरळ विचारा. ड्रॉपडाउन ठेवा, आधीपासून काहीही भरून ठेवू नका, आणि तो पैसे भरण्याच्या आधी ठेवा. पैसे भरल्यावर नाही, मेलमध्ये नाही, बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये तर नाहीच. आणि प्रश्न नीट शब्दांत विचारा. ‘तुम्ही कुठे राहता’ हा प्रश्नसुद्धा चुकीचा आहे, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं, जेव्हा हैफाच्या एका आजीने कझाकस्तानातल्या अल्माटीच्या नातवासाठी गेम घेतला. देश बरोबर भरला होता. तिचा! विचारायचं असतं ते हे: ज्या खात्यात हा कोड टाकणार, ते खातं कोणत्या देशाचं आहे?

उत्तर आलं की ते कोडच्या यादीशी जुळवा. यादी डिस्ट्रिब्यूटरकडून देशवार मागा. ‘सीआयएस’, ‘युरोप’, ‘बाकी जग’ असले तीन रकाने दिले तर परत पाठवा. जॉर्जिया २००९ मध्ये सीआयएसमधून बाहेर पडला, तरी गेमवाल्यांच्या सीआयएस गटात तो असतो. बाल्टिक देश, म्हणजे लाटव्हिया, लिथुएनिया, एस्टोनिया, त्या संघटनेत कधी नव्हतेच, पण जुन्या यादीत कुणीतरी त्यांना रशियाच्या रांगेत बसवलेलं असतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रशियाचा भाव रूबलमध्ये, कझाकस्तानचा टेंगेमध्ये, युक्रेनचा रिव्हन्यामध्ये आणि उरलेल्या बऱ्याच शेजाऱ्यांचा डॉलरमध्ये पण वेगळ्या दराने. म्हणजे ‘रशियन किंमत’ अशी एक किंमत नसतेच. किंमतसुद्धा देशावर लावा. भाषेवर नको!

युरोपात मात्र उलटं लफडं आहे. तिथे एका सदस्य देशात घेतलेला कोड दुसऱ्या सदस्य देशात अडवला म्हणून २०२१ च्या जानेवारीत युरोपीय आयोगाने स्टीमवाल्या व्हॉल्व्हला आणि पाच पब्लिशरांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड ठोकला. जिथले कोड बाहेर अडवले त्या देशांत लाटव्हिया, लिथुएनिया आणि एस्टोनियाही होते. तेव्हा रिगाच्या गिऱ्हाइकाला युरोपातला कोड द्यायचा आणि तो बर्लिनमध्येही चालला पाहिजे. देशाची अट कुठे घालायची आणि कुठे घालायची नाही, हे डिस्ट्रिब्यूटरकडून लेखी घ्या.

आता पैसे. व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातला कारभार २०२२ च्या मार्चमध्ये थांबवला. तिथल्या बँकेचं कार्ड देशात चालतं, बाहेरच्या दुकानात नाही. पेपाल त्याच महिन्यात गेलं. तिथे आता त्यांचं स्वतःचं मीर कार्ड आणि फोन नंबरवरून पैसे पाठवायची सरकारी व्यवस्था, आपल्या यूपीआयची चुलत बहीण समजा. ‘आम्ही लावून देतो’ म्हणणारे मध्यस्थ तुम्हाला पहिल्याच आठवड्यात गाठतील. निर्बंधांच्या यादीत कोणती बँक आहे हे बघितल्याशिवाय त्यांना होकार देऊ नका. मोठं वॉलेट आहे म्हणूनही भुलू नका: किवी केवढं पसरलेलं होतं, २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच्या बँकेचा परवानाच काढून घेतला गेला. आम्ही रशियात विकायचं नाही असं ठरवलं. कारण तत्त्वाचं कमी आणि वकिलाच्या फीचं जास्त. रशियात विकायचंच असेल तर ग्राहकांची माहिती तिथल्याच सर्व्हरवर ठेवायचा कायदा २०१५ पासून आहे, आणि तो पाळला नाही म्हणून २०१६ मध्ये लिंक्डइन तिथे बंद पडलं, हेही वकिलाला विचारा. शिवाय २०२२ च्या मार्चमध्ये सीडी प्रोजेक्टसारख्या पब्लिशरांनी रशिया आणि बेलारूसमधली विक्री थांबवली. असे गेम त्या दोन देशांना दिसताच कामा नयेत. त्या देशांना, ऐकताय ना, रशियन वाचणाऱ्या सगळ्यांना नाही. अल्माटीचा माणूस तो गेम आरामात घेऊ शकतो. आम्ही तो त्याच्यापासूनही लपवून ठेवला होता.

सोबत कंट्रोलर वगैरे विकत असाल तर अजून एक. २०२५ च्या फेब्रुवारीत युरोपीय संघाने गेम कंट्रोलर रशियाला पाठवण्यावरही बंदी घातली, कारण त्यांनी ड्रोन उडवतात. हसू नका, कस्टमवाले हसत नाहीत.

भाषांतर माणसाकडून करून घ्या. मशीनने ‘फ्री’चं ‘स्वबोद्ना’ केलं होतं, म्हणजे मोकळं, स्वतंत्र. फुकट म्हणायचं तर ‘बिस्प्लात्ना’. ग्राहकाला ‘वी’ म्हणा, म्हणजे आपलं तुम्ही. पोरासोरांचं दुकान म्हणून ‘ती’वर, म्हणजे अरेतुरेवर येऊ नका. मदत मागायला आलेल्या चिडलेल्या माणसाला तर मुळीच नाही. अनेकवचन हा वेगळाच वैताग आहे. एक ‘इग्रा’, दोन ते चार ‘इग्री’, पाच ते वीस ‘इग्र’, आणि एकवीसला परत ‘इग्रा’. आपल्यासारखं ‘एक गेम, दोन गेम’ इतकं सोपं नाही. प्रोग्रामरला तीन रूपं लागतील असं आधीच सांगा, नाहीतर टोपलीत ‘५ इग्रा’ दिसतं आणि वाचणाऱ्याला आपण परकेच वाटतो. बटणं रुंद ठेवा. ‘ॲड टू कार्ट’ इंग्रजीत ११ खणांत बसतं, रशियनला १८ लागतात.

गेममध्ये रशियन किती आहे हे वेगळं लिहा: मेनू, सबटायटल, आवाज. त्या लोकांना ‘अझ्वूच्का’ म्हणजे रशियन आवाज आहे की नाही हे आधी बघायचं असतं, आणि नसेल तर ते चाहत्यांनी केलेला ‘रुसिफिकातर’, म्हणजे गेम रशियनमध्ये करणारी जोडफाइल, शोधत बसतात. नुसतं ‘रशियन आहे’ असं लिहिलंत तर तक्रार येणारच.

शोधपट्टीवर खरंच वेळ घाला. लोक कीबोर्ड बदलायला विसरतात. रशियन कीबोर्ड चालू असताना ‘विचर’ हे गेमचं इंग्रजी नाव टाइप केलं तर ‘त्सशयेसरुक’सारखं काहीतरी उमटतं, उलट इंग्रजी कीबोर्डवर नमस्काराचं ‘प्रिव्येत’ टाइप केलं तर जी-एच-बी-डी-टी-एन. चांगलं दुकान हे ओळखतं. विचरला ते ‘वेद्माक’ म्हणतात, टँकच्या गेमला नुसतं ‘तांकी’. ही टोपणनावं भरून ठेवा. ‘यो’ हे अक्षर निम्मे लोक वरच्या दोन टिंबांशिवाय, साधं ‘ये’ म्हणून लिहितात, तेव्हा दोन्ही एकच धरा. कूपनचंही तसंच. सिरिलिकमधली ए, बी, सी, ई, एच, के, एम, ओ, पी, टी, एक्स दिसायला रोमनसारखीच असतात, कॉम्प्युटरला मात्र वेगळी. ग्राहक हुबेहूब कूपन टाकतो आणि आपण म्हणतो चुकीचं आहे. मागून बदलून घ्या, ग्राहकाला शिकवायला जाऊ नका.

नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव सक्तीचं नको. त्यांच्यातही आपल्यासारखं मधे बापाचं नाव असतं, पण सगळ्यांच्यात नाही, आणि कोड विकायला ते हवंय कशाला? फोन नंबर ८ ने सुरू झाला तरी घ्या, रशियात +७ च्या जागी तसंच लिहायची सवय आहे.

भाषेच्या बटणावर झेंडा नको. ‘रुस्की’ हा शब्द पुरे. युक्रेनमधल्या खार्किव्हच्या किंवा रिगाच्या माणसाला आपल्या भाषेसाठी तो झेंडा दाबायला लावणं म्हणजे भाषेला देश समजणं, म्हणजे परत माझीच चूक. युक्रेनमध्ये विकणार असाल तर तिथे २०२२ च्या जुलैपासून दुकानाच्या साइटने आधी युक्रेनियन पान उघडायचं असा कायदा आहे. ब्राउझर रशियन दिसला म्हणून आपोआप रशियन पान उघडू नका.

सणांचे सेलही देशावर. रशियात भेटवस्तूंचा मोठा दिवस ३१ डिसेंबर, चर्चचा नाताळ ७ जानेवारीला, म्हणून २५ डिसेंबरचा बॅनर तिथे थंड पडतो. युक्रेनने २०२३ मध्ये नाताळ २५ तारखेला आणला. २३ फेब्रुवारीला रशियात पुरुषांना भेटी देतात, गेम खपतात. तोच बॅनर युक्रेन किंवा बाल्टिकमध्ये लावलात तर शिव्या खाल.

वेळ. सेल ‘रात्री १२ ला’ संपतो तर कुणाच्या रात्री? मॉस्को आपल्या अडीच तास मागे, अल्माटी २०२४ च्या मार्चपासून अर्धा तास. घड्याळ देशानुसार दाखवा. सपोर्ट टेलिग्रामवर ठेवा, कझाकस्तानासाठी व्हॉट्सॲपही.

वयाची खूण: रशियात ०+, ६+, १२+, १६+, १८+; युरोपात पेगी, जर्मनीत यूएसके. देशानुसार. रिफंडचे नियम: देशानुसार. कर: देशानुसार, आणि सीएला विचारून.

सुरू करण्याआधी पाच ओळखीच्यांना गाठा. हैफा, बर्लिन, रिगा, तिबिलिसी, अल्माटी. प्रत्येकाने रशियन पानावरून स्वस्तातला एक गेम घ्यायचा, एकाने व्हीपीएन लावून, एकाने दुसऱ्या देशातल्या कुणासाठी तरी. कोड समोर येण्याआधी पाचांनाही खात्याचा देश विचारला गेला पाहिजे. चौघांना विचारला गेला तर सुरू करू नका.

फॉन्ट राहिला. सिरिलिक असलेला घ्या.