सॅटेलाइट फोटोवरून पाऊस कसा ओळखायचा

हवामान खात्याच्या मौसम साइटवर सॅटेलाइटचं पान उघडा, तिथे इन्सॅट-३डीआर (2016) आणि इन्सॅट-३डीएस (फेब्रुवारी 2024 ला श्रीहरिकोट्याहून गेलेला) यांचे फोटो मिळतात. हे उपग्रह जवळपास 36,000 किमी उंचीवर पृथ्वीच्याच वेगाने फिरतात म्हणून आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखे वाटतात आणि दिवसरात्र आपल्याकडेच बघत असतात.

आधी फोटोवरची वेळ बघा, ती यूटीसी किंवा जीएमटी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे 0600 लिहिलं असेल तर आपले सकाळचे साडेअकरा. बरेच जण इथेच चुकतात आणि जुना फोटो ताजा समजून पुढे पाठवतात, प्लीज असं करू नका.

व्हिजिबल फोटो (उन्हाच्या उजेडात काढलेला) रात्री काळा दिसतो, तेव्हा इन्फ्रारेड (उष्णतेवरून काढलेला) घ्या. त्यात जितकं पांढरंशुभ्र तितका ढगाचा माथा थंड आणि उंच. मे महिन्यात दुपारी एखादा बारका पांढरा ठिपका दोन-तीन फोटोंत भराभर फुगत गेला, कडा एकदम रेखीव दिसल्या, तर तिथे वळीव आलाच म्हणून समजा, वाळवणं उचला.

पण कोकणात आणि घाटात जुलैमध्ये फसाल हं, तिथले ढग बरेचदा बुटके असतात, इन्फ्रारेडमध्ये नुसते करडे दिसतात आणि खाली मात्र धो धो कोसळत असतो. अशा वेळी मुंबई किंवा गोव्याचं रडार सोबत बघाच.