‘सोमवारपासून नक्की’ म्हणताय? व्यायामाच्या सवयीत या चुका टाळा

व्यायाम सुटला की आपण सगळा दोष आळसाला देतो. मला मात्र आजूबाजूला आळशी माणसं कमीच दिसतात. सगळं ठरल्याबरहुकूम झालं पाहिजे, नाहीतर नकोच, या हट्टापायी व्यायाम सोडून बसलेली मंडळी कितीतरी जास्त.

पूर्ण तास मिळाला तरच व्यायाम

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. नेहमीची लोकल चुकते, ठाण्याला उतरेपर्यंत आठ वाजून जातात, पुढे रिक्षाची रांग. घरी पोचल्यावर जिमसाठी तास उरलेला नसतो. ‘आज राहू दे’ म्हणून माणूस सोफ्यावर टेकतो आणि हाताशी असलेली वीस मिनिटं मोबाइलवर जातात. हेच उद्या, परवा. आठवडा कोरडा जातो आणि मग सोमवारची वाट बघणं सुरू होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. त्याआधीच्या सूचनांत एका वेळी निदान १० मिनिटं सलग हवीत अशी अट होती. ती २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे नौपाड्यात राहणाऱ्याने रिक्षाची रांग सोडून झपाझप चालत घर गाठलं, तरी ती मिनिटं हिशोबात धरायची. घोडबंदरवाल्यांना स्टेशनवरून चालत जाणं शक्य नाही. त्यांनी सोसायटीत शिरल्यावर लिफ्ट सोडून चार-पाच मजले जिन्याने चढावेत. गुडघे दुखत असतील तर मात्र जिना नको, खालीच फेऱ्या माराव्यात.

एक खाडा झाला म्हणजे सगळं संपलं

‘२१ दिवस सलग केलं की सवय लागते’ हे वाक्य विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला तब्बल २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा कॅलेंडरवरची रिकामी चौकट बघून हळहळू नका, दुसऱ्या दिवशी करा.

आणि भरपाई म्हणून दुप्पट तर मुळीच नको. त्याने अंग आंबतं आणि तिसऱ्या दिवशी हमखास दांडी पडते.

पावसाळ्याची सोय न करणं

ठाण्यात चार महिने पाऊस. उपवन किंवा तलावपाळीच्या फेरीवरच सगळी भिस्त ठेवली, तर जुलैत बेत कोसळणारच. म्हणून वाईट दिवसाचा छोटा व्यायाम आधीच ठरवून ठेवा: सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं फेऱ्या, किंवा घरात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस आणि भिंतीला हात टेकून दहा जोर. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. दमून आल्यावर विचार करायचं त्राण नसतं. कागद वाचून तेवढं करता येतं.

‘आज बिघडलंच आहे’ म्हणून आणखी खाणं

गणपतीत दोन मोदक जास्त झाले. त्याने काही होत नाही. पण ‘डाएट मोडलंच, आता उद्यापासून’ म्हणत रात्री वडापाव, वर आइस्क्रीम, हा सिलसिला विसर्जनापर्यंत चालतो. मोदक तुपासकट आनंदाने खा, रात्रीचं जेवण मात्र नेहमीचंच ठेवा.

दहा हजार पावलांचंही ओझं नको. तो आकडा १९६० च्या दशकात जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या जाहिरातीतून रुळला. आज तीन हजार चालत असाल तर पुढच्या महिन्यात चार हजार करा.

आजारपणाने दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला असेल तर पूर्वीच्या निम्म्यावरून सुरुवात करा. छातीत दुखणं, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.