लाईट बिल अचानक वाढलं? आधी मीटरचं लुकलुकणं मोजा

बिल दुप्पट आलं की घरात पहिला संशय फ्रीजवर, मग पोरांच्या चार्जरवर, आणि शेवटी "मीटरच पळतोय" म्हणून मोकळे. चार्जर तर सोडूनच द्या, तो महिनाभर लावून ठेवला तरी बिलात कळणार नाही. आपल्याकडे कोकणात जास्तीची लाईट बऱ्याच वेळा पाण्यापायी जाते, म्हणजे गिझर, विहिरीवरचा पंप, बोअर, नाहीतर पावसात भिजलेली वायर.

पण आधी बिल नीट वाचा. चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळतोय का? रीडिंगच्या जागी लॉक, फॉल्टी असलं काही छापलंय का? चाकरमान्यांची बंद घरं असतात तिथे मीटर घरात असेल तर दोन-तीन महिने सरासरी बिल येतं आणि मग सगळे युनिट एकदम, अशा वेळी ते युनिट तेवढ्या महिन्यांत विभागून स्लॅब लावलाय ना ते बघायचं, कारण पहिल्या १०० युनिटचा दर आणि १०१ ते ३०० चा दर यात जवळपास दुपटीचा फरक आहे. वापर थोडाच वाढला तरी रुपये जास्त वाढलेले दिसतात ते यामुळेच, म्हणून तुलना युनिटची करा, रुपयांची नाही, आणि तीही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. गणपतीत घरात वीस माणसं होती आणि पंप दिवसातून तीनदा चालला तर बिल वाढणारच, त्यात शोधायचं काय.

युनिट खरंच वाढलेत असं दिसलं की मीटरपाशी जा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. ३२०० वाला असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्याने भागा, आलेलं उत्तर म्हणजे आत्ता घरात चालू असलेले वॅट. दर सेकंदाला एक म्हणजे ११२५ वॅट, दहा सेकंदांनी एक म्हणजे ११२. १६०० वाल्याला ११२५ च्या जागी २२५० घ्या. मोबाईलवर व्हिडिओ काढून मोजलं तर सोपं जातं.

आता घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजचा प्लग काढा, पंपाचा स्टार्टर बंद, पण एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातले एकेका लाईनचे खटके, सगळे चालूच ठेवा. इन्व्हर्टर असेल तर तोही पूर्ण बंद करा, नाहीतर तो बॅटरीवर घर चालवत बसतो किंवा मधेच चार्जिंग ओढतो आणि सगळी मोजणी फुकट. एवढं करून दिवा थांबला पाहिजे. नाही थांबला तर एकेक एमसीबी खाली करत जा, ज्याने लुकलुकणं थांबतं किंवा एकदम मंदावतं त्या लाईनवर चोर आहे. मेन स्विच बंद करूनही मीटर मोजतच असेल तर गडबड मीटरमध्ये किंवा मीटर ते मेन स्विचच्या वायरमध्ये, मग सीलला हात न लावता मीटर तपासणीचा अर्ज द्यायचा.

मेन बंद असतानाच घराभोवती एक चक्कर मारा. वाटणी झालेल्या घरात ही गंमत नेहमीची, भिंत वाटली जाते पण वायरिंग आजोबांच्या काळातलं एकच राहतं, आणि तुमचा मेन पाडल्यावर चुलतभावाच्या गोठ्यातला पंखा थांबतो. भांडण न करता सांगा, बहुतेक वेळा त्यांनाही माहीत नसतं.

गिझरबद्दल लोकांचा गैरसमज फार. पंधरा लिटर पाणी पंचवीस डिग्रीवरून साठपर्यंत तापवायला साधारण ०.६ युनिट लागतात, दोन हजार वॅटचा गिझर ते काम वीसेक मिनिटांत संपवतो. दिवसभर चालू राहिला तर नुसतं पाणी गरम ठेवायला वर अर्ध्या युनिटच्या आसपास जातं. म्हणजे विसरलेल्या गिझरने महिन्याला पंधरा-वीस युनिट वाढतील, दोनशे नाही. दोनशे वाढत असतील तर गरम पाण्याचा नळ गळतोय का, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की गिझर बंद करणारा भाग) चिकटून गिझर कट-ऑफ व्हायचाच बंद झालाय का, हे बघायचं. आणि समुद्राजवळच्या बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते गिझरची कॉईल खातं.

पंपाचं वेगळं. एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो, तेव्हा टाकी भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मे महिन्यात विहीर खाली गेली की वेळ वाढतो ते ठीक, पण विहीर भरलेली असताना वाढला तर फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाईपच्या टोकाचा, पाणी मागे न जाऊ देणारा) गळतोय किंवा जमिनीखाली पाईप फुटलाय. टाकी वाहून जात असेल तर टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा, फार खर्च नाही त्याला.

खरा छुपा रुस्तम मात्र लीकेज. पाण्यात सोडलेल्या पंपाच्या केबलचा जोड उघडा पडला, किंवा चिऱ्याच्या ओल्या भिंतीत जुनी वायर कुजली, की करंट जमिनीत जात राहतो. दोन अँपिअर जरी गेला तरी साडेचारशे वॅट, म्हणजे दिवसाला अकरा युनिट, महिन्याला तीनशेच्या वर! आणि पंप बंद केला तरी हे चालू राहू शकतं, कारण कुणीतरी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असतो, मोटर थांबते पण केबलमध्ये फेज तशीच जिवंत. आमच्या वाडीत एका घरी हेच निघालं, बिचारे फ्रीज बदलून बसले होते. बऱ्याच मीटरवर अर्थ किंवा ई/एल लिहिलेला वेगळा दिवा असतो, तो पेटलेला दिसला तर हीच शंका पहिली घ्या.

इथे मात्र स्वतः हात घालू नका. ओल्या जमिनीवर अनवाणी पंपाच्या पाईपला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. तो एमसीबी खाली ठेवा, लायसन्सवाला वायरमन बोलवा, त्याला क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं यंत्र) फेज आणि न्यूट्रल एकत्र पकडून फरक बघायला सांगा, स्विच फेजवर घ्यायला लावा आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की लाईन तोडणारा खटका, बसवून घ्या. तो पावसात सारखा पडायला लागला की काही वायरमन बायपास करून देतात, ते अजिबात करू देऊ नका, तो पडतोय म्हणजे कुठेतरी लीकेज आहेच. खाऱ्या हवेने मेन स्विचचे स्क्रू गंजून ढिले झालेले असतात, वायरमन आलाय तर तेही आवळून घ्या.

काम झाल्यावर आठवडाभर रोज एकाच वेळेला रीडिंगचा फोटो काढा. रोजचे युनिट खाली आले तर झालं काम. आणि मीटरचा आकडा बरोबर असून बिलावरचा चुकला असेल तर तोच फोटो घेऊन महावितरणच्या शाखा कार्यालयात जा किंवा १९१२ ला फोन करून तक्रार नोंदवा, तक्रार नंबर लिहून घ्यायला विसरू नका.